२५२३ आणि २५२३: जुन्या पिकअपमध्ये नवं इंजिन बसवताना काय जुळलं, काय अडलं

अण्णांची पिकअप माळशेज चढताना गेली. कल्याणला टोमॅटो उतरवून रिकामी परत येत होती, टोकावडे मागे पडलं, चढ लागला आणि खालून टकटक सुरू झाली. ड्रायव्हर पोरगा म्हणाला अण्णा आवाज येतोय, अण्णा म्हणाले घाट काढू आणि वर गेल्यावर बघू, आणि अर्ध्या घाटात तिसऱ्या नंबरच्या रॉडने (पिस्टनच्या दांड्याने) ब्लॉक फोडला. टोचन करून माझ्या गॅरेजला आणली तेव्हा खालच्या ऑइल चेंबरमध्ये ऑइल जवळजवळ नव्हतंच, आणि ब्लॉकला डाव्या अंगाला मूठ आत जाईल एवढं भोक. ऑइल प्रेशरच्या दिव्याची वायर तुटलेली होती, कधीची तुटलीय ते कुणालाच माहीत नाही, त्यामुळे दिवा लागायचा प्रश्नच नव्हता.

गाडी २००९ ची बोलेरो पिकअप. डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन, मेकॅनिकल डिझेल पंप, ॲक्सिलरेटरला साधी केबल. चासी सरळ, बॉडीचा पत्रा चांगला, गिअरबॉक्स मीच दीड वर्षापूर्वी उघडून भरलेला. म्हणजे इंजिन सोडलं तर गाडी भंगारात घालण्यासारखी अजिबात नव्हती. अण्णा म्हणाले, "मिस्त्री, इंजिन मी बघतो, तू फक्त बसव." चार दिवसांनी दुसऱ्या गाडीत घालून इंजिन घेऊनच आले. २०१८ च्या, अपघातात गेलेल्या पिकअपचं, बीएस-४ (धुराच्या सरकारी नियमाचा टप्पा), कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोजलना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) मोठ्या दाबाचं डिझेल आणि त्यावर कॉम्प्युटरचा ताबा. विकणाऱ्याने त्यांना सांगितलेलं, दोन्ही २५२३ सीसी आहेत, डायरेक्ट बसतं.

हा "डायरेक्ट बसतं" शब्द मी इतक्या वेळा ऐकलाय आणि त्यावर विसंबून माणसांचे इतके पैसे गेलेले बघितलेत की ह्या एका गाडीचं सगळं पहिल्यापासून लिहून ठेवावंसं वाटलं.

आधी सीसीचं बोलू. विकणारा खोटं बोलला नव्हता. जुनं डीआय पण २५२३ आणि नवं कॉमन रेल, ज्याचं नाव एमटूडायसीआर, ते पण २५२३, दोन्हीचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) १०१.६ मिलिमीटर, चार सिलिंडर. एकाच घराण्यातली इंजिनं आहेत. पण सीसी जवळ म्हणजे घराणं एक असं समजू नका, त्याचं उदाहरण अण्णांच्या मेव्हण्याकडेच आहे. त्याच्याकडे जुनी एक्सडीथ्रीपी इंजिनवाली गाडी होती, ते इंजिन २४९८ सीसीचं, म्हणजे फरक फक्त २५ सीसीचा, आणि त्याने त्या जागी डीआय बसवायला घेतलं. एक्सडीथ्रीपी हे प्यूजोच्या लायसन्सवर बनलेलं इंजिन, बोअर ९४ आणि स्ट्रोक ९०, हेडमध्ये आधी छोट्या चेंबरात डिझेल पेटतं म्हणून थंडीत हीटर प्लग लागतात. डीआयमध्ये डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर पडतं. बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घराची) भोकं वेगळी, फाउंडेशनची (इंजिन चासीवर टेकतं त्या आधाराची) जागा वेगळी, सगळंच वेगळं. त्याने मध्ये पट्टी घालून गिअरबॉक्स जोडला, पट्टी अगदी थोडी तिरकी बसली, आणि सहा महिन्यांत दोनदा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टची बेअरिंग गेली.

म्हणून अण्णांचं इंजिन आल्यावर मी दोन्ही इंजिनं जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली आणि दिवसभर फक्त मापं घेतली. अण्णांना वाटलं मी वेळ काढतोय. पण हा एक दिवस फार महत्त्वाचा असतो, इंजिन चेन ब्लॉकला लटकत असताना एखादं माप चुकलेलं कळलं की त्याचे तीन दिवस होतात.

सगळ्यात आधी गिअरबॉक्स. नव्या इंजिनासोबत आलेली क्लच प्लेट घेतली आणि जुन्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघितली. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि कुणी करत नाही. दाते जुळले, प्लेट न अडकता सरकली. मग बेल हाउसिंग ब्लॉकच्या मागच्या तोंडाला लावून बघितली, डॉवेल बसले, बोल्ट हाताने फिरले. अडलं ते पायलट बेअरिंगला. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला जे छोटं बेअरिंग असतं, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक बसतं, ते आमच्या शाफ्टवर ढिलं पडत होतं. व्हर्नियरने मोजलं, लेथवाल्याकडे गेलो आणि पितळी बुश काढून आणला. हे असंच ठेवलं असतं तर क्लच दाबताना शाफ्ट डुगडुगला असता, आणि मग लोक म्हणतात क्लच खराब आहे, प्लेट बदला, प्रेशर प्लेट बदला, आणि बदलत बसतात.

नव्या इंजिनाच्या फ्लायव्हीलला (क्रँकच्या मागच्या जड चाकाला) मात्र मी हात लावला नाही. आमचा हेल्पर म्हणत होता की जुनं फ्लायव्हील चांगलं आहे, नुकतंच फेसिंग केलेलं, तेच लावू. नाही. कॉमन रेल इंजिनात क्रँक किती फिरलाय हे सेन्सर दातेरी चकतीवरून वाचतो, बहुतेक बॉश सिस्टीममध्ये ६० दात्यांतले २ गाळलेले असतात आणि त्या रिकाम्या जागेवरून ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) क्रँक कुठे आहे ते कळतं. ती चकती फ्लायव्हीलच्या बाजूला असो की पुढे पुलीच्या बाजूला, नव्या इंजिनाच्या क्रँकवर फिरणाऱ्या दोन्ही टोकांच्या वस्तू त्याच इंजिनाच्या ठेवायच्या हा माझा नियम आहे. फ्लायव्हील, पुली, प्रेशर प्लेट सगळा सेट नव्याचाच ठेवला.

फाउंडेशनला फार त्रास झाला नाही. नव्या इंजिनाचे ब्रॅकेट चासीच्या फाउंडेशनला जुळेनात, जुने ब्रॅकेट नव्या ब्लॉकला लावून बघितले तर जुळले, रबर नवीन टाकले. टर्बोपासून सायलेन्सरकडे जाणारा पाईप नवीन वाकवून घ्यावा लागला, रेडिएटरचे होज बदलले, पंखा आणि रेडिएटर यांच्यात अंतर पुरेसं आहे ना ते बघितलं. एक गोष्ट जपायची, ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम कुठून येतो ती. डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याच गाड्यांत तो डायनामोच्या मागेच. इंजिन बदलताना डायनामो जुना की नवा ह्या भानगडीत व्हॅक्यूमचा पाईप लावायचा राहून गेला, तर गाडी चालू होते, गॅरेजबाहेर जाते आणि पहिल्या उताराला ब्रेक दगडासारखा लागतो. घाटात चालणाऱ्या गाडीला ही चूक परवडणारी नाही. मी इंजिन चालू करून, बंद करून, पाच वेळा ब्रेक मारून बघितल्याशिवाय गाडी हलू दिली नाही.

इथपर्यंत चार दिवस गेले आणि अण्णा खूश. इंजिन आत बसलं, बोल्ट आवळले गेले, आता चावी मारायची. मी म्हणलं अण्णा, आता कुठे काम सुरू होतंय.

कारण इंजिनासोबत वायरिंग आलंच नव्हतं. विकणाऱ्याने हार्नेस इंजिनापासून वीतभर अंतरावर कटरने तोडलेला, आणि ईसीयू गायब. अण्णा परत गेले तर म्हणे ईसीयू विकला, तुम्ही इंजिन मागितलं, इंजिन दिलं. आता जुन्या मेकॅनिकल इंजिनाला चालायला डिझेल, हवा आणि सेल्फ एवढं पुरतं, बंद करायला फक्त एक सोलेनॉइड. कॉमन रेलला ईसीयू नसेल तर ते इंजिन म्हणजे दीडदोनशे किलोचं लोखंड आहे. नोजल कधी उघडायचं, किती वेळ उघडायचं, रेलमध्ये किती प्रेशर ठेवायचं, सगळं तोच ठरवतो.

ह्या टप्प्यावर गावातल्या एका जुन्या मिस्त्रीने अण्णांना सल्ला दिला की कॉमन रेल काढून टाका, जुन्या इंजिनाचा पंप आणि नोजल त्यावर चढवा, ब्लॉक तर तोच आहे. हा जुगाड लोक करतात आणि कधीकधी गाडी चालते पण. मी नाही म्हणलो. नोजलच्या टोकाला जी बारीक भोकं असतात त्यातून डिझेल कोणत्या कोनात फवारायचं हे पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीच्या आकारावर ठरवलेलं असतं. नवीन पिस्टनच्या वाटीवर जुन्या नोजलचा फवारा टाकला तर डिझेल वाटीत न पडता काठावर पडायची भीती असते, मग काळा धूर, ऑइलमध्ये डिझेल, आणि लोडवर पिस्टनचं डोकं जळतं. हेड बदला, पिस्टन बदला, टायमिंगच्या बाजूचं कव्हर बदला असं करत गेलं तर नव्या इंजिनातलं नवं काय राहिलं? मग जुनंच डीआय शोधलेलं बरं.

अण्णांना मी त्या दिवशी सरळ दोन रस्ते सांगितले. एक, हे इंजिन विकून टाका, थोडा तोटा सोसा आणि डीआयचंच चांगलं इंजिन बघा, दोन दिवसांत बसवून देतो. दोन, ह्या इंजिनाचं पूर्ण डोकं आणा, म्हणजे ईसीयू, अखंड हार्नेस, ॲक्सिलरेटरचा पेडल, डिझेल फिल्टर, सगळे रिले, शक्यतो एकाच गाडीचं. अण्णांनी दुसरा रस्ता धरला. माझं मत पहिल्याचं होतं आणि ते मी बोलून दाखवलं होतं, पण पैसे त्यांचे होते आणि मनात नवीन इंजिन बसलेलं होतं.

सामान मिळायला सोळा दिवस लागले. दुसऱ्या एका अपघाताच्या गाडीचं मिळालं, ईसीयूवरचा नंबर आमच्या इंजिनाच्या प्रकाराला जुळतोय ना हे मी फोटो मागवून तपासलं तेव्हाच पैसे दिले. वायरमन नारायणगावचाच, शांत माणूस, त्याने दोन दिवस नुसते कनेक्टर जोडून कंटिन्युटी (वायर मध्ये कुठे तुटलेली नाही ना) तपासली, एकही वायर जोडायच्या आधी. जुन्या गाडीच्या लाइट, हॉर्न, इंडिकेटरच्या वायरिंगला हात लावायचा नाही, इंजिनाचं वायरिंग पूर्ण वेगळं ठेवायचं, आणि दोघांचा संबंध फक्त बॅटरी, चावी, अर्थ आणि मीटरवरच्या दोनतीन दिव्यांपुरता, असं आम्ही ठरवलं. त्यामुळे उद्या काही बिघडलं तर कुणाला दोष द्यायचा हे तरी कळतं.

ॲक्सिलरेटरची केबल काढून तिथे इलेक्ट्रॉनिक पेडल बसवला. त्याला फायरवॉलला पट्टी वेल्ड करावी लागली. ह्या पेडलमधून दोन सिग्नल जातात, एक दुसऱ्याच्या साधारण निम्मा असतो, आणि ईसीयू सतत दोन्ही जुळतायत ना बघत असतो. जुळले नाहीत तर गाडी लिम्प मोडला जाते, म्हणजे पाय कितीही दाबा, इंजिन मुंगीसारखं चालतं. आमच्या पहिल्या टेस्टलाही इंजिन पूर्ण ओढेना, पण कारण साधं होतं, पट्टी वाकडी म्हणून पेडल खाली टेकायच्या आधी चटईला अडत होता.

त्याआधीची गोष्ट म्हणजे इंजिन चालूच होत नव्हतं. सेल्फ मारला, फिरतंय मस्त, पेटत नाही. अर्धा तास सगळे आपापलं मत देत होते. अशा वेळी स्कॅनर लावून आकडे बघायचे, मतं नाही. स्क्रीनवर आरपीएम २४० दिसत होते, म्हणजे क्रँक सेन्सर वाचतोय. कॅम आणि क्रँक जुळल्याची खूण येत होती. रेल प्रेशर मात्र ९० बारच्या पुढे जात नव्हतं. चालू व्हायला साधारण दोनअडीचशे बार तरी लागतं, चालल्यावर तर ते हजारच्या वर जातं. म्हणजे पंपाला डिझेल पुरत नव्हतं किंवा हवा येत होती. फिल्टरच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला आणि परत सेल्फ मारला, तर नळीत बारीक बारीक बुडबुडे, सोड्याच्या बाटलीसारखे.

टाकी उतरवली. आतल्या सक्शन पाईपला सुईच्या टोकाएवढं भोक, गंजून पडलेलं, अर्ध्या टाकीच्या रेषेवर. टाकी पूर्ण भरलेली असायची तेव्हा भोक डिझेलखाली, अर्धी झाली की हवेत. मग आठवलं, अण्णा गेली दोन वर्षं सांगायचे की टाकी कमी झाली की गाडी जरा ओढत नाही. जुना मेकॅनिकल पंप तेवढी हवा पचवून चालत राहिला, कॉमन रेलने पहिल्याच दिवशी नाही म्हणलं. आणि टाकीच्या तळाला गंजाचा चिखल. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, त्या डिझेलमधून गंजाची पूड गेली तर पंप आणि नोजल दोन्ही जातात आणि पूर्ण इंजिनाच्या किमतीएवढा खर्च येतो. टाकी नवीन टाकली, पाईप नवीन, पाणी ओळखणारा सेन्सर असलेला फिल्टर. सेल्फ मारला, स्क्रीनवर १८०, २२०, २८०, आणि इंजिन पेटलं. तो आवाज ऐकल्यावर अण्णा काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन सगळ्यांना चहा सांगून आले.

चालू झालं पण थोडं लंगडत होतं, थंड असताना जास्त. नोजलच्या डोक्यावर प्रत्येकाचा एक कोड कोरलेला असतो. दोन नोजल कधीच तंतोतंत सारखं डिझेल टाकत नाहीत, कारखान्यात ते मोजून त्याचा कोड करतात आणि तो ईसीयूला सांगायचा असतो. आमचा ईसीयू दुसऱ्या गाडीचा, त्याच्यात त्या गाडीच्या नोजलचे कोड. चारही कोड आरशाने वाचून, कागदावर लिहून, स्कॅनरने भरले. लंगडणं गेलं. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण करायचं असतं हेच माहीत नसेल तर माणूस चार नोजल बदलून बसतो.

कागदाचं काम मी अण्णांना इंजिन आणल्याच दिवशी सांगितलं होतं. ट्रान्सपोर्ट गाडी आठ वर्षांच्या वर गेली की दरवर्षी पासिंग, आणि पासिंगला इंजिन नंबर बघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. मी तर म्हणतो काम सुरू करायच्या आधीच जाऊन विचारून या. पहिलं बिल विकणाऱ्याने नुसतं "एक इंजिन" असं लिहून दिलेलं, त्यावर ना इंजिन नंबर ना कोणत्या गाडीचं ते. असं बिल घेऊन आरटीओत गेलं तर इंजिन चोरीचं नाही हे कशावरून सिद्ध करणार? अण्णांना परत पाठवलं, नंबरासकट बिल आणि त्या गाडीचे कागद आणायला लावले. इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवलं, नाहीतर उद्या काही झालं आणि सर्व्हेअरने नंबर वेगळा बघितला तर क्लेमवर पाणी.

आणि कुणी उलटं विचारत असेल, म्हणजे बीएस-४ किंवा बीएस-६ गाडीतलं सेन्सरवालं इंजिन काढून त्यात जुनं मेकॅनिकल डीआय घालायचं, तर माझ्या गॅरेजला आणू नका. लोकांना ते सोपं वाटतं कारण वायरिंगचा ताप जातो. पण देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालंय, त्या गाडीला ज्या धुराच्या मर्यादेवर मंजुरी मिळाली ती जुन्या इंजिनाने पाळली जात नाही. पीयूसीला सुद्धा बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा ५० एचएसयू (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आहे, त्याच्या आधीच्या गाड्यांना ६५.

हिशोब सांगतो. इंजिन सत्तर हजार, ईसीयू, हार्नेस आणि पेडल बत्तीस हजार, टाकी, पाईप, फिल्टर चौदा हजार, लेथ आणि वेल्डिंग सहा हजार, माझी आणि वायरमनची मजुरी बावीस हजार. एक लाख चव्वेचाळीस हजार, आणि गाडी चाळीस दिवस बंद. डीआयचंच सेकंडहँड इंजिन त्यावेळी मला साठ हजारात सांगितलेलं होतं आणि ते दोन दिवसांत रस्त्यावर आलं असतं. गाडी आता जास्त ओढते, धूर नाही, घाटात गिअर कमी बदलावा लागतो हे खरं आहे. तरी परत कुणी विचारलं तर मी आधी त्याच पिढीचं इंजिन शोधायला सांगेन, आणि नव्याचाच हट्ट असेल तर अपघाताची अख्खी गाडी कागदासकट घ्या म्हणेन, त्यातली प्रत्येक क्लिप आणि प्रत्येक ब्रॅकेट कामाला येतो.

एक काम शेवटपर्यंत नीट झालं नाही. जुन्या मीटरचा टेंपरेचरचा काटा नव्या इंजिनाच्या सेन्सरवर खरं दाखवत नव्हता, दोघांचा रेझिस्टन्स वेगळा. म्हणून थर्मोस्टॅटच्या घरात वेगळं भोक पाडून जुना सेंडर बसवला, काटा आता थोडा वर राहतो, अण्णांना खूण करून दिलीय की इथपर्यंत ठीक. आणि डॅशबोर्डला भोक पाडून दोन दिवे लावलेत, एक चेक इंजिनचा, एक फिल्टरमधल्या पाण्याचा. ऑइल प्रेशरच्या दिव्याची वायर सगळ्यात आधी जोडली होती.

पाण्याचा दिवा आतापर्यंत एकदा लागला, ऑगस्टमध्ये. रात्री साडेनऊला अण्णांचा फोन, गाडी ओतूरच्या बाहेर उभी केलीय, बंद केलीय, पुढे नेली नाही. कॅनमधून डिझेल टाकलेलं, कॅन पावसात उघडा राहिलेला. पोरगा गेला, फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी काढलं, अर्धा कप निघालं, आणि गाडी मालासकट पहाटेच्या बाजाराला पोचली.